दर किलोमीटरमागे दहा रुपये

आमच्या समाजशास्त्र विभागाने रविवार, २४ नोव्हेंबर २०२४ रोजी सातारा ते कोरेगाव आणि परत अशी चाळीस किलोमीटरांची सायकलफेरी काढली. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका स्थानिक समुपदेशन केंद्राला निधी जमवून द्यावा, हा तिचा हेतू होता. वार्षिक अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे या फेरीचा वृत्तांत मागितला. वृत्तांत चार ओळींत संपण्यासारखा आहे: पस्तीस जण निघाले, तेहेतीस जण परत पोहोचले, एकाची साखळी तुटली, एकीच्या गुडघ्याने दगा दिला, आणि खर्च वजा जाता ८४,३३० रुपये केंद्राकडे जमा झाले. परंतु या फेरीच्या निमित्ताने दोन महिने आम्ही जे वाचले, आणि दारोदार फिरून जे ऐकले, ते अभ्यासक्रमातल्या कोणत्याही एका प्रकरणात सापडणारे नाही. म्हणून वृत्तांताऐवजी हा लेख.

प्रथम पद्धतीविषयी. परदेशांत एखाद्या कामासाठी निधी उभारायचा तर सायकल चालवण्याची जुनी रीत आहे. स्वार ओळखीच्या माणसांकडे जातो. मी इतके अंतर तोडणार आहे, दर किलोमीटरमागे तुम्ही किती द्याल, असे विचारतो. कबूल केलेला आकडा कागदावर लिहून घेतो. फेरी पुरी झाली की त्याच दारी पुन्हा जाऊन पैसे आणतो. आपल्याकडे वर्गणी आधी आणि कार्यक्रम मागाहून. तिथे वचन आधी, घाम मध्ये आणि पैसे शेवटी. आम्ही ही दुसरी रीत घेतली, ती नावीन्याच्या हौसेपोटी नव्हे. एकाच दारी दोनदा जावे लागते आणि दोन्ही वेळा विषयाबद्दल बोलावे लागते, हा तिचा गुण मला महत्त्वाचा वाटला. विद्यार्थ्यांना अर्थातच तोच तिचा दोष वाटला.

दुष्काळासाठी, पूरग्रस्तांसाठी, गणपतीसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरलेली ही मुले. पेठेतली दुकाने त्यांच्या सवयीची. पण या वेळी पहिल्याच आठवड्यात ती हिरमुसली होऊन परत आली. पैसे मिळत नव्हते असे नाही. प्रश्न मिळत होते. "नवरा-बायकोच्या भांडणाला निधी कशाला?" "तुम्ही घरं मोडायला निघालात का?" "बायका काय कमी असतात?" एका किराणा दुकानदाराने तर कुणी काही विचारण्याआधीच, "आमच्या घरात असलं काही नाही हो," असे सांगून टाकले आणि दर किलोमीटरमागे दोन रुपये लिहिले. याउलट एका बँकेतल्या कारकून बाईंनी वीस रुपये लिहिले आणि पावती फाडताना म्हणाल्या, "नाव नको लिहू, बाळ." पुढे पावतीपुस्तके तपासताना मला दिसले की 'एक भगिनी' या नावाने फाडलेल्या अशा अकरा पावत्या होत्या. गणपतीच्या वर्गणीत कुणी नाव लपवत नाही. उलट फलकावर मोठ्या अक्षरांत यावे म्हणून भांडतात.

आमच्या समाजाला दानधर्म अपरिचित नाही. मग याच विषयापाशी हात आखडतो, तो का? याचा विचार करताना मला इतिहासात मागे जावे लागले, आणि तेथे जे दिसले ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे असे आहे.

पायांनी निधी गोळा करण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली दांडगी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. गणेश गोविंद गोखले या गृहस्थांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले, आणि तेथे पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत; हिंगण्याहून पुण्याला पायी येत आणि पायी परत जात, सुट्टीत गावोगाव वर्गणीसाठी फिरत. सत्तरी उलटल्यावर, १९३६ च्या सुमारास, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी हेच गृहस्थ पुन्हा पायी पैसे मागत हिंडले. त्यांच्याआधी पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या होत्या. बोस्टनला १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या कामासाठी एक मंडळ स्थापन झाले, गावोगाव त्याच्या शाखा निघाल्या आणि दर वर्षी ठरावीक रक्कम दहा वर्षे देण्याचे वचन सभासदांनी दिले. त्या वचनांच्या बळावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आधी वचन आणि मग पैसे ही रीत, म्हणजे, आम्ही समजत होतो तितकी परकी नव्हती. आणि सायकलीचेच म्हणाल तर बाबा आमटे यांनी १९८५ साली तरुण-तरुणींना सायकलींवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेले होतेच.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. कर्वे आणि रमाबाई ज्यांच्यासाठी मागत होत्या त्या प्रामुख्याने विधवा होत्या. विधवेला कुणी नाही, हे समाजाला दिसत होते. तिच्या पुनर्विवाहाला विरोध करणारा सनातनी माणूसही तिच्या पोटाला दोन घास घालायला तयार होई. नवरा जिवंत असलेल्या आणि त्याच्यापाशी नांदायला नको म्हणणाऱ्या बाईची गोष्ट अगदी वेगळी. तिला 'कुणी नाही' असे म्हणता येत नाही. तिला 'कुणी आहे' हीच तर तिची अडचण असते. रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे जायचे नाकारले. दादाजी भिकाजीने १८८४ साली दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने तिला नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. त्या काळची मोठमोठी माणसे या खटल्यात धर्म आणि कायदा यांवर तावातावाने लिहीत होती. पण सुटका झाली ती रोख रकमेने. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ज्या बाईपाशी दोन हजार रुपये नव्हते, तिचे त्या काळी काय झाले असेल, हे इतिहासाच्या पुस्तकात नाही.

याच काळात बुलढाण्याला ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले (१८८२). त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ साली, पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. शहर हादरले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी नारी समता मंच उभा केला आणि 'मी एक मंजुश्री' नावाचे प्रदर्शन गावोगाव नेले. बायका ते पाहायला येत आणि आपलेच काही सांगू लागत. खटल्यात पतीला खालच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुरावा कसा तोलावा याचे उदाहरण म्हणून विधी महाविद्यालयांत तो निकाल आजही शिकवतात. बंद दाराआडच्या गोष्टीला साक्षीदार आणायचा कुठून, हा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटला नाही. आणि तो न्यायालयाचा दोषही म्हणता येणार नाही.

देशभरातल्या अशा मृत्यूंमुळे आणि स्त्रियांच्या मोर्च्यांमुळे १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा तेव्हापासून गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तीत हा मजकूर ८५ आणि ८६ या कलमांत आला आहे. परीक्षेत जुना क्रमांक लिहून गुण घालवू नका, एवढ्यासाठी हे सांगितले.

परंतु गुन्हेगारी कायदा शिक्षा देतो, छप्पर देत नाही. केंद्रातल्या ताईंनी आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच भेटीत हे सांगितले. येणाऱ्या बहुतेक बाया नवऱ्याला तुरुंगात टाका म्हणून येत नाहीत. 'मारणं थांबवा, आणि मला नि पोरांना घराबाहेर काढू नका' एवढेच म्हणतात. ही गरज ओळखून २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. यात हिंसेची व्याख्या रुंद आहे. अंगावर हात टाकणे आलेच. त्याबरोबर लैंगिक, तोंडी-मानसिक आणि आर्थिक छळही आला. बायकोची कमाई काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, तिचे स्त्रीधन मोडून खाणे, हे सारे कायद्याच्या भाषेत हिंसाच. मारहाणीला अटकाव करणारा आदेश, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, निर्वाहाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, ही सारी दाद न्यायदंडाधिकाऱ्यापुढच्या एकाच अर्जात मागता येते. सर्वसाधारणपणे तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तारखा लांबतात हे वेगळे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सासू-सासऱ्यांच्या नावावरचे घर हे सामायिक घर ठरू शकते की नाही, यावर बराच वाद होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ठरू शकते असे सांगून आपलाच २००६ सालचा निर्णय मागे सारला. आणि आणखी एक, जे मलाही नेमके ठाऊक नव्हते: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो.

हे सारे ऐकून आमच्या एका विद्यार्थ्याने रास्त प्रश्न केला: कायदा आहे, वकील फुकट आहे, १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, मग आपण चाळीस किलोमीटर पाय मारून जमवलेले पैसे लागतात कुठे?

ताई हसल्या. म्हणाल्या, "वकील फुकट आहे रे. तारखेला यायला गाडी फुकट नाही."

त्यांनी आपली खर्चाची वही पुढे ठेवली. मी इतक्या वर्षांत पुष्कळ अहवाल वाचले. पण या विषयावर त्या शंभर पानी वहीइतके मला कशानेच शिकवले नाही. एस.टी. भाडे. छायाप्रती. पासपोर्ट फोटो. बाई अंगावरच्या लुगड्यानिशी निघते; आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले सगळे घरात राहते, आणि कागदाशिवाय पुढे एक पाऊल पडत नाही. म्हणून दुसरी प्रत काढायचा खर्च. मोबाइल नवऱ्याने फोडला म्हणून साधा फोन. एक्स-रे. एका रात्रीचे लॉजचे भाडे, कारण निवारागृह दुसऱ्या गावाला आणि शेवटची गाडी गेलेली. पोरासाठी दूध, बिस्किटे. एका पानावर नुसते 'चप्पल' असे लिहिले होते. बाई अनवाणी आली होती.

मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस.टी.चे तिकीट अर्ध्या दरात मिळते. त्याचा या बायांना मोठा आधार झाला, असे ताई सांगतात. तरी ज्या बाईच्या हातात दिवसाकाठी एक रुपया येत नाही तिला अर्धे तिकीटही जडच.

इथे मला स्वतःची एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ती मी वर्गात कधी सांगितली नाही. माझे लहानपण साताऱ्यात एका वाड्यात गेले. पलीकडच्या खणात एक काकू राहत. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत, बोलायला मऊ, आम्हां मुलांना लिमलेटच्या गोळ्या देणारे. आठवड्यातून एक-दोनदा रात्री त्या खणातून आवाज येत. आवाज आले की माझी आई रेडिओ मोठा करी. वाड्यातली सगळीच बिऱ्हाडे काही ना काही मोठे करीत. एकदा दुपारी काकू आमच्याकडे वाटीभर साखर परत द्यायला आल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "वहिनी, पाच रुपये असतील का? माहेरी जाऊन येते." आईपाशी पाच रुपये होते. डब्यात होते, मला डबा ठाऊक होता. आई म्हणाली, "नाहीत हो." काकू गेल्यावर ती मला म्हणाली, उद्या ते विचारतील, तुम्ही पैसे का दिलेत, तर आपण काय सांगायचं? पुढे आम्ही वाडा सोडला. आई वाईट नव्हती. शेजाऱ्याच्या संसारात पडू नये, हे तिला कुणी तरी शिकवले होते आणि तिने ते पाळले, इतकेच. ताईंच्या वहीत 'एस.टी. भाडे' हे शब्द वाचले तेव्हा मला तो डबा आठवला.

पैशाचा आणि मारहाणीचा संबंध किती जवळचा आहे, यावर एक सुंदर अभ्यास झालेला आहे. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी मारहाण सोसली होती. नुसती जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, नुसते घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. शिक्षण आणि साक्षरता यांत अग्रेसर म्हणून आपण ज्या राज्याचे दाखले देतो, तिथली ही गोष्ट. घर नावावर असलेली बाई दर वेळी घर सोडून जाते असे नव्हे. ती जाऊ शकते, हे मारणाऱ्याला माहीत असते. विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी विषय शोधताना आपल्याच गावातल्या सातबारा उताऱ्यांवर बायकांची नावे किती, हे मोजावे असे मी सुचवीन. माझ्याकडे दर वर्षी 'तरुणांवरील मोबाइलचा परिणाम' हाच विषय येतो.

आता फेरीविषयी. २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९६० साली याच दिवशी डोमिनिकन रिपब्लिक या देशात त्रुहियो या हुकूमशहाच्या माणसांनी मिराबाल घराण्यातल्या तीन बहिणींना ठार केले. त्यांच्या स्मरणार्थ लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रियांनी १९८१ साली हा दिवस निवडला आणि १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. तो यंदा सोमवारी येत होता, म्हणून आम्ही आदल्या दिवशीचा रविवार धरला. निवडणुकीच्या धामधुमीत परवानगीसाठी मला किती खेटे घालावे लागले ते सांगत बसत नाही. २३ तारखेला विधानसभेचे निकाल लागले. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा रस्त्यावर ठिकठिकाणी गुलाल तसाच पडलेला होता. माहुलीचा पूल ओलांडेपर्यंत आमच्या चाकांना गुलाबी कडा आल्या होत्या. पुढे जरंड्याचा डोंगर दिसू लागला, ऊन वर आले, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आणि मुलांची गाणी थांबली. मी पंचावन्न वर्षांची. कॉलेजात असताना तासावर भाड्याने सायकल घेऊन शिकले, त्यानंतर मध्ये तीसेक वर्षांचा खंड. त्रिपुटीपर्यंत माझे काही चुकले नाही. त्यानंतर चढ आला की मी सरळ उतरून चालले. विद्यार्थिनींनी सभ्यपणे मागे पाहिले नाही.

पस्तीसपैकी एकोणीस मुली होत्या. त्यातल्या सहा जणींना सायकल येत नव्हती. फेरीसाठी त्या ऑक्टोबरात मैदानावर शिकल्या. एकीने सायकल भावाची आणली होती आणि घरी 'एन.एस.एस.चा कार्यक्रम' असे सांगितले होते, जे अगदीच खोटे नव्हते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेला जोडून हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यात पुढाकार घेतला होता. शेतमजूर, खाणकामगार, परिचारिका, शिक्षिका साऱ्या शिकल्या. बसची वाट पाहणे संपले, माल बाजारात स्वतः नेता येऊ लागला, नवऱ्याने किंवा मुलाने सोडायची गरज उरली नाही. बिहारने २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली दिल्या, आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. सायकलने मारहाण थांबते, असा दावा मी करणार नाही. परंतु काकूंना सायकल येत असती तर पाच रुपये मागावे लागले नसते, असे कोरेगावच्या वाटेवर मनात आले खरे. अर्थात त्यांचे माहेर कुठे होते, तेही मला आठवत नाही.

कोरेगावच्या चौकात थांबून विद्यार्थ्यांनी पाच मिनिटे बोलायचे असे ठरले होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले (२०१९-२१) आकडे आम्ही एका फळ्यावर लिहून नेले होते. भारतातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कुणाची मदत मागितली. आणि तिसरा आकडा: काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे ४४ टक्के पुरुष म्हणाले आणि ४५ टक्के स्त्रिया म्हणाल्या. चहाच्या गाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी हा तिसरा आकडा विद्यार्थिनीकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "बाया तर आसंच म्हणणार की. विचारताना घरात कोन होतं?" पाहणी करणारे हा प्रश्न एकांतातच विचारतात, तसा त्यांचा नियम आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही. संशोधनपद्धतीच्या तासाला मी हे उदाहरण आता देते.

फेरीनंतर पैसे गोळा करायला तीन आठवडे लागले. कबूल झाले होते १,०४,२०० रुपये. हाती आले ९१,६४०. परक्या संकटासाठी दिलेले वचन नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाळले गेले, हे माझ्या मते वाईट नाही. वचन मोडणाऱ्यांत कोण होते हे सांगणार नाही. पण 'नाव नको' म्हणणाऱ्या अकराही जणींनी पुरे पैसे दिले.

एक पाकीट मात्र माझ्या टेबलाच्या खणात दोन आठवडे पडून होते. पुढचा मजकूर संबंधितांना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने छापत आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक विद्यार्थी विभागात एकटा आला. त्याने पाकीट ठेवले. आत चारशे रुपये होते. दर किलोमीटरमागे दहा रुपये, चाळीस किलोमीटर. "वडिलांचे आहेत, मॅडम," तो म्हणाला. मी पावती लिहायला घेतली तेव्हा तो म्हणाला, "पावती नका लिहू. हे पैसे घ्यावेत का, ते सांगा." मग थोडे थांबून, "आमच्या घरीही होतं."

मी तीस वर्षे हा विषय शिकवते. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हते. पहिला विचार असा आला की पैसे परत करावेत. मारणाऱ्या हाताकडून मार खाणाऱ्यांसाठी दान कसे घ्यायचे? दुसरा असा की परत करायचे म्हणजे कारण सांगावे लागणार, आणि त्या कारणाची किंमत त्याच रात्री कोण चुकवणार, हे उघड होते. तिसरा विचार, ते निनावी खात्यात टाकावेत आणि गप्प बसावे. तो सगळ्यांत सोयीचा होता, म्हणून मला त्याची शंका आली. रेडिओ मोठा करण्यासारखेच ते.

मुलाला विचारून मी ताईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याच्या आईला विचारलंत का?"

नव्हते विचारले. मी नाही, त्या मुलानेही नाही. आम्ही दोघे दोन आठवडे त्या बाईच्या वतीने विचार करीत होतो. तिचा नवरा, तिचा मुलगा आणि आता मुलाच्या मॅडम. ताई म्हणाल्या, घाई करू नका, घरात बोलू नका, बाहेर कुठे तरी बोलू द्या त्याला. तो आईबरोबर बाजाराला गेला तेव्हा त्याने तिला सांगितले. काय बोलणे झाले ते त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आईचा निरोप तेवढा आणला: "पैसे ठेवा म्हणाली. आणि त्या बाईंचा नंबर दे म्हणाली."

नंबर त्याने कागदावर लिहून नेला नाही, पाठ केला. ताईंनीच तसे सांगितले होते. हा लेख लिहीपर्यंत त्या बाईंचा फोन केंद्रात आलेला नाही.

चारशे रुपयांची पावती मी फाडली आहे. नावाच्या जागी काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून ती जागा कोरी आहे. हिशेब तपासनिसांनी त्यावर आक्षेप घेतला आहे, आणि तो नियमाप्रमाणे योग्यच आहे.